गोचीड, लायका आणि आमचं घर

"ताई, एक तर ती या घरात राहील, नाही तर मी आणि ओम. तुम्हीच काय ते ठरवा!"

रात्री साडेदहाला वहिनीचा फोन आला तेव्हा मी मुंबईत ऑफिसात होते. अंक छपाईला जायचा होता आणि दोन पानं अजून रिकामी होती. वाचकांचा गैरसमज व्हायला नको म्हणून सांगते, 'ती' म्हणजे सासू नव्हे. माझी आई आणि वहिनी यांचं छान जमतं. 'ती' म्हणजे लायका, आमची कुत्री.

झालं होतं असं, की वहिनी आठ महिन्यांच्या ओमला झोपवत होती. त्याच्या कानामागे तिला काळपट तिळासारखं काही तरी दिसलं. तिने हात लावला तर तो तीळ चालायला लागला. ती किंचाळली, ओम रडायला लागला, आई धावत आली. दिवा लावून पाहिलं तर पाळण्याच्या वरच्या भिंतीवर अशाच आणखी चार गोचिडी छताच्या दिशेने निघालेल्या!

"दादा काय म्हणतो?" मी विचारलं.

"त्यांनी पाटणकडच्या त्यांच्या मित्राशी बोलून ठेवलंय. शेत आहे, मोकळी जागा आहे. रविवारी नेऊन सोडणार."

"आणि बाबा?"

वहिनी जरा थांबली. "बाबा काहीच बोलत नाहीत. अंगणात जाऊन बसलेत."

बाबा काहीच बोलत नाहीत म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

लायका हे नाव आमच्या घरात कुठून आलं ते सांगायला हवं. माझे आजोबा १९५८ साली वर्ध्याहून भिलाईला आले, तेव्हा रशियाच्या मदतीने पोलाद कारखाना उभा राहत होता. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं. त्या दिवशी आपण किती लांब उभे होतो आणि काहीच कसं दिसलं नाही, हे आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत. रशियन इंजिनियरांबरोबर काम करता करता त्यांना मोडकं-तोडकं रशियन यायला लागलं. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, लायका नावाची कुत्री अंतराळात जाऊन आली, अशी त्यांची समजूत होती. ती परत आलीच नाही हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. तोवर आमच्या घरातल्या पहिल्या कुत्रीचं नाव ठेवून झालं होतं. सध्याची लायका तिसरी. जातकुळी विचाराल तर शुद्ध भिलाईची, सेक्टर १० च्या बाजारामागे पावसात भिजत बसलेली बाबांनी उचलून आणलेली. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांना पहाटे उठायचं काही कारण उरलं नव्हतं. ते लायकाने दिलं.

दुर्गला उतरून घरी पोहोचले तेव्हा लायका फाटकापाशी आली, पण उड्या मारल्या नाहीत. शेपूट दोनदा हलवली आणि बसली. मी तिच्या मानेवरून हात फिरवला तर बोटांना खडेच खडे लागले. कानाच्या आत, पायांच्या बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली गोचिडीच गोचिडी! काही तिळाएवढ्या, काही रक्त पिऊन टम्म फुगून हरभऱ्याएवढ्या झालेल्या.

"अगं, पण मी औषध पाठवलं होतं ना?" मी आईला विचारलं.

इथून माझ्या अपराधाची कहाणी सुरू होते.

दोन महिन्यांपूर्वी बाबांनी फोनवर गोचिडींची तक्रार केली होती. त्याआधी दादाने एका दुकानातून धुण्याच्या औषधाची बाटली आणली होती. दुकानदाराने "बादलीत झाकणभर टाका" एवढंच सांगितलं. झाकण केवढं आणि बादली केवढी, हे ना त्याने सांगितलं ना दादाने विचारलं. ते अमिट्राझ होतं. अंघोळीनंतर लायकाने अंग चाटलं आणि ती दीड दिवस गुंगीत पडून राहिली. बाबांनी ती बाटली फेकून दिली. मग मी मोठ्या शहाणपणाने मुंबईतून मानेवर टाकायच्या थेंबांच्या नळ्या कुरियरने पाठवल्या आणि फोनवर सांगितलं, "बाबा, सोपं आहे. मानेवर टाकायचं, बस्स!"

सोपं आहे म्हणून मी बरोबरचा कागद वाचला नव्हता. लायकाचं वजन किती, असं औषधवाल्याने विचारलं तेव्हा "असेल पंधरा-सोळा किलो" असं ठोकून दिलं होतं. तिला मी शेवटचं नीट उचललं होतं ते ती वर्षाची असताना.

आता आईकडून कळलं ते असं. बाबांनी नळी फोडली आणि तेल चोपडावं तसं औषध मानेपासून शेपटीपर्यंत केसांवरून फासलं. वास येतो म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनीने लायकाला शांपूने स्वच्छ अंघोळ घातली. तिचंही काही चुकलं नव्हतं. घरात लहान मूल, कुत्र्याच्या अंगाला औषध, म्हटल्यावर कोणतीही आई तेच करेल. औषध केसांवर राहिलं, उरलंसुरलं मोरीत गेलं आणि गोचिडी मजेत राहिल्या.

त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी आपापले उपाय सांगितले. शेजारच्या काकूंनी रॉकेल सुचवलं. दादाच्या मित्राने तर कमालच केली. तो म्हणाला, "अरे, त्या नळीत जे फिप्रोनिल असतं ना, तेच आम्ही धानावर खोडकिड्यासाठी मारतो. माझ्याकडे लिटरभर आहे, घेऊन जा!" औषधाचं नाव खरंच तेच आहे. १९८० च्या दशकात एका फ्रेंच कंपनीने शोधलेलं हे रसायन शेतातही वापरतात आणि कुत्र्यामांजरांवरही. पण शेतातल्या औषधाची तीव्रता वेगळी, त्यात मिसळलेले द्रव वेगळे. नाव एक म्हणून ते जनावराच्या कातडीवर ओतणं म्हणजे जिवाशी खेळ. धानाच्या या मुलुखात ती बाटली घरोघरी सापडते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मला आठवण झाली आजीची. ती वर्ध्याकडच्या खेड्यातली. गाईच्या अंगावरच्या गोचिडी काढायला ती दुपारी बसायची. शेजारी करवंटीत रॉकेल मिसळलेलं पाणी. एकेक गोचीड ओढून त्यात टाकायची आणि पुटपुटायची, "मेली, आचळाला चिकटली तरी दूध नाही पीत, रगतच पिते!" हा तर आपल्या कीर्तनकारांचा आवडता दृष्टांत. गोचिडी झालेली गाय तापाने मरते, असंही आजी म्हणायची. लहानपणी आम्हाला ती भाकडकथा वाटे. पण अमेरिकेतले गुराखीही हेच म्हणत होते आणि त्यांनाही कोणी ऐकत नव्हतं. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं, की गुरांचा तो ताप गोचिडीमार्फतच पसरतो. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला तो १८९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी.

लायकाला ताप होता. मी हाताने पाहिला तरी कळत होतं. आई म्हणाली, तीन दिवसांपासून ती भाकरीला तोंड लावत नाही. सकाळी तिच्या पाणी प्यायच्या भांड्याशी रक्ताचा थेंब पडलेला मी पाहिला आणि रविवारची वाट न पाहता आम्ही तिला गाडीत घातलं. दुर्ग ओलांडून राजनांदगावच्या रस्त्याला अंजोरा लागतं. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाडी दादाच चालवत होता. रस्ताभर एक शब्द बोलला नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी लायकाच्या हिरड्या पाहिल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासलं. प्लेटलेट फार कमी झाल्या होत्या. "अर्लिकिया," ते म्हणाले. "गोचिडीतून येतो. अजून वेळ गेलेली नाही, पण आणखी आठवडाभर थांबला असतात तर सांगता आलं नसतं." व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री याच आजाराने गेली, तेव्हा कुठे जगाने त्याच्याकडे नीट लक्ष दिलं, असंही त्यांनी सांगितलं. त्यांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, अठ्ठावीस दिवसांच्या. पोटात अन्न असताना द्यायच्या, पण दुधातून नाही, कारण दुधाने गोळीचा असर कमी होतो.

दादाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "डॉक्टर, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. शेतावर नेऊन सोडली तर?"

"सोडा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण घरातल्या गोचिडी तिच्याबरोबर जाणार नाहीत. त्या भिंतीत आहेत."

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. पत्रकारितेच्या डिप्लोमाचा तेवढा तरी उपयोग!

आपल्याकडच्या कुत्र्यांवर जास्त करून आढळते ती तपकिरी गोचीड. तिचा जन्म कुत्र्यावर होतच नाही. पोटभर रक्त प्यायलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते, भिंत चढते आणि एखादी फट गाठून तिथे काही हजार अंडी घालते. त्यातून सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्रा शोधतात, रक्त पितात, पुन्हा खाली पडतात. फटीत कात टाकतात आणि आठ पायांच्या होऊन पुन्हा कुत्र्यावर. आणखी एकदा हेच, मग पूर्ण वाढ. म्हणजे जन्मात तीनदा कुत्र्यावर चढायचं आणि तीनदा उतरायचं. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच, बाकी सगळं गोकुळ घरात. आणि मोठी झालेली गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने काढू शकते! कुत्रा घालवला तर त्या वाट पाहतात, आणि कुत्रा मिळालाच नाही तर क्वचित माणसालाही चावतात.

"म्हणजे वहिनींची भीती खोटी नाही," डॉक्टर म्हणाले. "या गोचिडीतून माणसालाही ताप येऊ शकतो. बाळाला ताप आला किंवा अंगावर पुरळ दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना गोचिडीचं आवर्जून सांगा. पण कुत्रीला बाहेर काढणं हा त्यावरचा इलाज नव्हे. उलट कुत्रीच तुमचा सापळा आहे. तिच्या अंगावर योग्य औषध असलं, की फटीतली प्रत्येक गोचीड कधी ना कधी तिच्यावर चढणार आणि मरणार."

मग वजन. तिथल्या काट्यावर लायका भरली साडेबावीस किलो. मी पाठवलेली नळी होती दहा ते वीस किलोंच्या कुत्र्याची, तीत १.३४ मिलिलिटर औषध. तिला हवी होती वीस ते चाळीस किलोंची, २.६८ मिलिलिटरची. बरोबर निम्मी मात्रा पाठवली होती मी. दादाने माझ्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे.

आधी अंगावरच्या मोठ्या गोचिडी काढायच्या होत्या. संध्याकाळी बाबा आणि मी अंगणात बसलो. चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. रॉकेल, चुना, जळती उदबत्ती यातलं काहीही लावायचं नाही, कारण घाबरलेली गोचीड पोटातलं कुत्र्याच्या अंगात ओकण्याची भीती असते. काढलेली नखाने चिरडायचीही नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. (आजीची करवंटी शास्त्राला बरीच जवळ होती म्हणायची.) बाबा मोजत होते. एकशे सत्तावीसवर त्यांनी मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी थेंब टाकले. आता मी कागद तीनदा वाचला होता. अंघोळ होऊन दोन दिवस झालेले असावेत, अंग कोरडं असावं आणि पुढचे दोन दिवसही पाणी नको. का, तर औषध कातडीवरच्या नैसर्गिक तेलात मिसळून दिवसा-दोन दिवसांत सगळ्या अंगभर पसरतं आणि केसांच्या मुळांशी असलेल्या तेलग्रंथींत साठून राहतं. तिथून ते महिनाभर थोडं थोडं बाहेर येतं. शांपूने तेल धुतलं, की हा सगळा प्रवासच थांबतो.

बाबांनी लायकाचं डोकं मांडीत घेतलं. दोन खांद्यांच्या हाडांमध्ये, जिथे तिची जीभ कधीच पोहोचणार नाही, तिथले केस मी दोन बोटांनी भांग पाडावा तसे बाजूला केले. गुलाबी कातडी स्वच्छ दिसली तेव्हा नळीचं टोक तिला टेकवलं आणि दाबलं. औषध थोडं तिथे, थोडं बोटभर मागे. केसांवर एक थेंब नाही. अर्ध्या मिनिटाचं काम! त्या अर्ध्या मिनिटासाठी लायका मरणाच्या दारात गेली होती.

मी साबणाने हात धुऊन वळले तर दारात वहिनी उभी. ओम कडेवर.

"किती वेळ हात नाही लावायचा?" तिने विचारलं.

"सुकेपर्यंत. आज रात्रभर ओमला तिच्याजवळ जाऊ द्यायचं नाही."

"आणि काकूंचं मांजर येतं तिच्याजवळ झोपायला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी पुन्हा कागद काढला. आमच्या औषधात फक्त फिप्रोनिल होतं. पण कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. कुत्र्याच्या ओल्या पाठीला घासून झोपलेलं मांजरही त्याने झटके येऊन मरू शकतं. ससा पाळणाऱ्यांनी तर फिप्रोनिलच्याही वाटेला जाऊ नये. वहिनी बी.एस्सी. झालेली आहे, हे आमच्या घरात सगळे विसरून गेले होते. मीसुद्धा.

लढाईचा खरा भाग उरला होता तो घरात. रविवारी, ज्या दिवशी लायका पाटणला जायची होती, त्याच दिवशी दादाने पांढरं सिमेंट आणलं. आमचं क्वार्टर जुनं, आता लीजवर घेतलेलं. चौकटींशी फटी, खिडक्यांशी फटी, फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात फटी. बाबांनी आणि दादाने एकेक बुजवली. आईने लायकाची पोतीपांघरुणं उकळत्या पाण्यात टाकली. जुन्या सागवानी पलंगाचे सांधे उघडले तर आत मोहरी सांडावी तशा गोचिडी. सर्वांत मोठी वसाहत सापडली बैठकीत, आजोबांचा त्यांच्या रशियन साहेबाबरोबरचा फोटो लटकतो त्याच्या मागे! फोटो काढला तर भिंतीवर चौकोनाच्या चारी कडांना काळी किनार. बाबा फोटो हातात धरून थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "पाळण्याच्या बरोबर मागच्या बाजूला आहे हा."

वहिनीने ते ऐकलं. काही बोलली नाही. पाळणा तिने स्वतः ओढत आईच्या खोलीत नेला.

पेस्ट कंट्रोलच्या माणसाकडून सबंध घर फवारून घेतलं. तो दिवसभर ओम, लायका आणि आम्ही सगळे घराबाहेर होतो. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारणी करावी लागली, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. थेंबही एकदा टाकून भागत नाही. पहिल्या महिन्यात लायकाच्या अंगावर नव्या गोचिडी दिसतच होत्या. आईचा धीर सुटला. "औषध खोटं आहे," ती म्हणाली. पण नीट पाहिलं तर त्या वाळून मेलेल्या होत्या, हात लावताच गळून पडत होत्या. हे औषध गोचिडीला चढू देतं आणि दिवस-दोन दिवसांत मारतं. आता कुत्र्याला महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा चारायच्या गोळ्याही मिळतात. त्याही डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात, विशेषतः ज्या कुत्र्याला फिट येते त्याला.

रजा संपत आली. मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी पोळा होता. भिलाईत त्या दिवशी मोठी मौज. छत्तीसगढी शेजाऱ्यांचा पोरा आणि आमच्या वऱ्हाडी-नागपुरी घरांचा पोळा एकाच दिवशी. त्यांच्याकडे मातीचे बैल, आमच्याकडे लाकडी. आईने ओमच्या नावाचा पहिला लाकडी बैल पूजला. दादाने लायकाच्याही कपाळाला हळदीकुंकू लावलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "कपाळालाच लावा हं, मानेला हात नका लावू. अजून दोन दिवस आहेत." दुसऱ्या महिन्याचे थेंब तिने कालच टाकले होते. अठ्ठावीस दिवसांची गोळीसुद्धा तीच देत होती, पोळीच्या तुकड्यात तूप घालून, रोज सकाळी ओमच्या खिमटीनंतर.

मुंबईला परतल्यावर आईने एकदा फोनवर सांगितलं, की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर महिन्याच्या एका तारखेला वहिनी पेन्सिलने 'ला.' असं लिहून ठेवते. डिसेंबरपासून भिंतीवर एकही दिसली नाही. प्लेटलेट पुन्हा भरल्या. बाबांचं पहाटेचं फिरणं पुन्हा सुरू झालं आणि ते आता परतल्यावर लायकाच्या कानात बॅटरी मारून पाहतात.

मागच्या आठवड्यात पुन्हा रात्री साडेदहाला वहिनीचा फोन. माझ्या पोटात गोळा आला.

"ताई, लायकाला काट्यावर उभी केली तर थांबतच नाही. म्हणून ह्यांनी तिला उचलून वजन केलं आणि मग स्वतःचं वजा केलं. पंचवीस भरली."

"मग? नळी तीच चालेल. वीस ते चाळीस."

"ते कळलं हो मला. मी वेगळ्यासाठी फोन केला. ह्यांचं वजन एक्क्याण्णव निघालं. त्याचं काय करायचं?"